पेप्टाइडची क्रीम घेताना

सुरकुत्यांसाठी पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचा तुकडाच म्हणा) घ्यायचंच असेल तर फेसवॉशमधलं घेऊ नका. मिनिटभरात धुऊन जाणाऱ्या गोष्टीवर पैसे कशाला? चेहऱ्यावर राहणारं सीरम किंवा क्रीम बघा. घटकांच्या यादीत ‘पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४’सारखं नाव शोधा. ते अगदी तळाशी सापडलं तरी बिचकू नका, पेप्टाइड मुळात अत्यल्प प्रमाणातच घालतात. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ला जोडलेल्या मेदाम्लामुळे त्याला त्वचेच्या वरच्या थरात शिरायला मदत होते आणि कोलाजेन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) बनवणाऱ्या पेशींना चालना मिळावी, ही त्यामागची कल्पना. ‘अ‍ॅसिटिल हेक्झापेप्टाइड-८’ मात्र ‘बोटॉक्ससारखं’ म्हणून खपवतात. स्नायू सैल करणारं बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं, क्रीम तिथवर पोचणं कठीण. तेव्हा या जाहिरातीला भुलू नका.

चेहरा धुतल्यावर, त्वचा किंचित ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावा, वरून मॉइश्चरायझर. फरक पडलाच तर ८ ते १२ आठवड्यांनी, तोही बारीक रेषांत. कपाळावरच्या खोल आठ्या जागच्या हलत नाहीत. दिवसा सनस्क्रीन टाळलंत तर सगळं मुसळ केरात. रेटिनॉइडचे (जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातल्या औषधांचे) पुरावे याहून भक्कम आहेत, पण त्याने त्वचा सोलवटत असेल तर पेप्टाइड हा सौम्य पर्याय ठरतो.