पातळ, हलका लॅपटॉप घेताय? आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा

माझं अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. जून-जुलैत, ॲडमिशनच्या दिवसांत, दुरुस्तीपेक्षा सल्ला विचारायला येणारेच जास्त असतात. "ताई, पोरीले इंजिनिअरिंगले ॲडमिशन भेटली, आय-सेव्हनच पाहिजे." सोयाबीन-कापसाचे राखून ठेवलेले पैसे घेऊन माणूस आलेला असतो आणि प्रोसेसरबद्दल त्याला हा एकच आकडा माहीत असतो. पातळ लॅपटॉपच्या बाबतीत तो आकडा फार थोडं सांगतो. चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं, पूर्ण नाव, तिला मिळणारे वॅट आणि तुमचं काम, या तीन गोष्टी जुळवल्या की निवड बरीच सोपी होते.

दुकानदाराला किंवा वेबसाइटला पहिला प्रश्न हाच करायचा: मॉडेल नंबरासकट प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? "आय-५, तेरावी जनरेशन" एवढ्यावर थांबू नका.

का, ते उदाहरणाने सांगते. इंटेलचा कोअर आय-५ १३३५यू आणि कोअर आय-७ १३५५यू शेजारी ठेवा. दोघांतही दहाच कोअर (चिपमधले काम करणारे भाग), दोन मोठे आणि आठ छोटे. कॅश, म्हणजे चिपमधली छोटी मेमरी, तीही दोघांत १२ एमबीच. आय-७चा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ, आय-५चा ४.६, आणि आय-७चं ग्राफिक्स थोडं मोठं. बाकी घडण तीच. आता तो ५ गिगाहर्ट्झ पातळ डब्यात किती वेळ टिकतो? काही सेकंद. म्हणजे जादाचे पैसे त्या काही सेकंदांसाठी जातात. तेच पैसे ८ जीबीऐवजी १६ जीबी रॅमला लावले तर फरक रोज जाणवेल. याउलट आय-३ १३१५यूमध्ये सहाच कोअर आहेत, दोन मोठे आणि चार छोटे. तिथून आय-५ला जाणं बहुतेकांना परवडतं आणि उपयोगीही पडतं.

नंबराच्या शेवटचं अक्षर आय-५ की आय-७ यापेक्षा महत्त्वाचं आहे. यू असेल तर चिप साधारण १५ वॅटवर चालायला बनवलेली असते. एच असेल तर जुन्या पिढ्यांत ४५ वॅट, आणि कोअर अल्ट्रा १२५एच किंवा १५५एचमध्ये २८. हे मूळ वॅट झाले. थोड्या वेळासाठी चिप याच्या कितीतरी पट वीज ओढते. १३३५यूची कमाल मर्यादा ५५ वॅट आहे. एवढी उष्णता सव्वा किलोच्या, एका बारीक पंख्याच्या लॅपटॉपमधून बाहेर जाणार कशी? म्हणून कंपनी आपल्या डब्याला झेपेल तेवढेच वॅट ठरवते. एकच चिप एका लॅपटॉपमध्ये १२ वॅटवर चालते, तर दुसऱ्यात २५वर. नाव तेच असलं तरी लांबलेल्या कामात वेग वेगळा पडतो.

लॅपटॉप उघडला की हे डोळ्यांनी दिसतं. एकात उष्णता वाहून नेणारी एकच चपटी तांब्याची नळी (हीट पाइप) आणि नाण्याएवढा पंखा असतो. दुसऱ्यात दोन पाइपा, दोन पंखे. तुम्हाला दुकानात मागचं झाकण उघडता येणार नाही, पण त्या मॉडेलच्या परीक्षणांत आतले फोटो असतात. ते जरूर बघा. शिवाय परीक्षणात सतत लोडवर तो किती वॅट टिकवतो हे दिलं असेल, तर तो आकडा लिहून घ्या. दोन लॅपटॉपांत निवड करताना तोच सगळ्यात खरा आकडा.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. परीक्षणं बहुतेक थंड खोलीत झालेली असतात. खोली वीस अंशांनी तापलेली असेल तर चिपही तेवढीच जास्त तापायला बघते, आणि साधारण १०० अंशांच्या मर्यादेला टेकली की स्वतःच वॅट कमी करते. ॲपल मॅकबुक वापरण्यासाठी १० ते ३५ अंशांची खोली सांगतं. म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात उन्हाळ्याची दुपार त्या मर्यादेच्या बाहेरच असते. म्हणून मी इथल्या माणसाला कमी वॅटची, पण नव्या घडणीची चिप सुचवते. पातळ डब्यात ४५ वॅटची एच चिप कोंबलेली असेल तर नको म्हणते. तिचा पंखा दिवसभर ओरडतो आणि हात टेकतो तिथे पत्रा चटका देतो. एच हवीच असेल तर दीड किलोच्या पुढचा, दोन पंख्यांचा लॅपटॉप घ्या.

आता नावांच्या गोंधळाकडे येते. ग्राहकाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी. तिने २०२३पासून लॅपटॉपच्या रायझन चिपांच्या चार आकडी नंबरांची पद्धत बदलली. पहिला आकडा वर्षाचा, म्हणून ७ दिसला की लोकांना तो नवा वाटतो. तुम्ही बघायचा तो तिसरा आकडा, कारण तो आतली घडण सांगतो. रायझन ५ ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या घडणीचं नाव, पुढचा आकडा तिची पिढी): चार कोअर आणि अगदी साधं ग्राफिक्स. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. ७५३५यूमध्ये झेन ३ची सुधारित आवृत्ती आणि बरंच चांगलं ग्राफिक्स. ७५४०यू म्हणजे झेन ४. चौघांच्याही स्टिकरवर रायझन ५ आहे. ७५२०यू टायपिंग, बँकेची कामं, व्हिडिओ बघणं यांना पुरतो. पण चार-पाच वर्षं कोडिंग करायचं असेल त्याने तो घेऊ नये. विक्रेत्याने ७३२०यू किंवा ७५२०यू "अगदी लेटेस्ट" म्हणून पुढे केला तर एवढा एक आकडा दाखवा.

इंटेलचंही तसंच. डिसेंबर २०२३मध्ये कोअर अल्ट्रा आले आणि "आय" गेला. पण त्यांच्याच बरोबरीने नुसते कोअर ५, कोअर ७ अशी नावंही सुरू झाली. कोअर ७ १५०यू हा मुळात १३५५यूच्याच घराण्यातला, दहा कोअरवाला. वाईट नाही, पण अल्ट्रा नव्हे. अल्ट्राच्या दुसऱ्या मालिकेत तर एकाच "अल्ट्रा ७"खाली निदान तीन वेगळ्या चिपा आहेत. २५५यूमध्ये बारा कोअर, त्यातले मोठे दोनच. २५५एचमध्ये सोळा, त्यातले मोठे सहा. २५८व्हीमध्ये आठच, चार मोठे आणि चार छोटे.

आठ ऐकून नाक मुरडू नका. ही व्हीवाली (२००व्ही) मालिका सप्टेंबर २०२४मध्ये खास पातळ लॅपटॉपसाठी आली. बहुतेकांत मूळ १७ वॅट, कमाल ३७. ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ कॉल, फोटोंचं साधं काम यांत ती थंड राहते आणि बॅटरी फार चांगली पुरवते. ज्याला दिवसभर चार्जर घरी ठेवून फिरायचं आहे, त्याला विंडोजमध्ये मी आधी हीच दाखवते. मात्र मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं, तासभराचा व्हिडिओ रेंडर करणं अशा कामांत २५५एच तिच्या पुढे जाते, कारण तिथे सगळे कोअर एकदम राबतात. दुसरी गोष्ट, व्हीमध्ये रॅम चिपच्याच पॅकेजवर असते, १६ किंवा ३२ जीबी. नंबराचा शेवटचा आकडा ६ असेल तर १६ (२२६व्ही, २५६व्ही), ८ असेल तर ३२ (२२८व्ही, २५८व्ही). नंतर वाढवून मिळणार नाही, माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही.

एएमडीकडे या जागी रायझन एआय ३०० मालिका आहे. रायझन एआय ५ ३४०मध्ये सहा कोअर, एआय ७ ३५०मध्ये आठ, एआय ९ एचएक्स ३७०मध्ये बारा. मध्यम बजेटमध्ये थोडं जड कामही करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ३५० मला सगळ्यात समतोल वाटतो. त्याच बजेटमध्ये झेन ४चा ७८४०यू किंवा ८८४०यू कमी दरात दिसला तर डोळे झाकून जुना म्हणू नका. आठ कोअर आणि ७८०एम ग्राफिक्स आजही दमदार आहे.

स्नॅपड्रॅगन एक्स आणि ॲपलच्या एम चिपा यांची घडण इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी, "आर्म" प्रकारची, म्हणून त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. बॅटरी आणि गारवा दोघांचाही उत्तम, आणि चार्जर काढल्यावर वेग फारसा पडत नाही, जो पुष्कळ विंडोज लॅपटॉपांत पडतो. पण आधी तुमचं काम त्यावर चालतं का ते बघा. स्नॅपड्रॅगनवरचं विंडोज इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम भाषांतर करून चालवतं; ड्रायव्हरचं मात्र तसं होत नाही. यंत्र चालवणारा ड्रायव्हर खास या चिपेसाठीच बनवलेला लागतो. सेतू केंद्रवाल्यांचं बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र, ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराचं डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, डीटीपीवाल्यांचं डोंगलवर चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर, या प्रत्येकाच्या कंपनीला "विंडोज ऑन आर्मसाठी ड्रायव्हर आहे का?" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नसेल तर इंटेल किंवा एएमडीच घ्या. मॅकबुक एअरचंही तसंच: टॅली विंडोजसाठी आहे, हिशेबनीसाने त्या वाटेला जाऊ नये. इंजिनिअरिंगवाल्याने कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी मागून घ्यावी.

लिहिणं, वाचणं, फोटो, संगीत, वेब डेव्हलपमेंट करणाऱ्याला मात्र १.२४ किलोचा एअर मी मोकळ्या मनाने सुचवते. त्याला पंखाच नाही, त्यामुळे धूळ ओढायला जागाच नाही, आणि जिनिंगच्या गावात हे छोटं सुख नव्हे. सलग जड लोडवर तो हळू होतो, हे जाणून घ्या. ऑक्टोबर २०२४पासून नव्या एअरमध्ये कमीत कमी १६ जीबी रॅम येते. कुठे ८ जीबीचा स्वस्त दिसला तर तो आधीचा साठा.

एआयच्या स्टिकरबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या "कोपायलट प्लस पीसी" या शिक्क्यासाठी एनपीयू, म्हणजे चिपमधला एआयच्या कामाचा भाग, ४० टॉप्स (त्याच्या वेगाचं माप) किंवा त्याहून जास्त लागतो. २००व्ही, रायझन एआय ३०० आणि स्नॅपड्रॅगन एक्स त्यात बसतात; २५५एच बसत नाही. पण निव्वळ तेवढ्यासाठी निवड बदलावी असं काम माझ्या ग्राहकांत अजून कुणाचं नाही.

रॅमचा प्रोसेसरशी संबंध आहे, म्हणून इथेच सांगते. या लॅपटॉपांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चिपमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. रॅमची एकच पट्टी असेल तर त्याचा रस्ता अर्धा होतो. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीच्या बहुतेक आय-५, आय-७मध्ये तर नावच बदलतं: रॅमचे असे दोन रस्ते (चॅनल) असतील तर "आयरिस एक्सई", एकच असेल तर "यूएचडी". जाहिरातीत आयरिस आणि स्क्रीनवर यूएचडी दिसलं तर विचारा.

आता दुकानात काय करायचं. डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल; त्यात परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूवर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि कोअर दिसतात, त्याचा फोटो काढा. मेमरीवर फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम बोर्डावरच बसवलेली आहे, म्हणजे आज घ्याल तीच शेवटपर्यंत. मग लॅपटॉप उलटा करून हवा आत घ्यायच्या जाळ्या बघा. त्या तळाला असतील तर हा लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवून चालवायचा नाही, हे घरच्या सगळ्यांना सांगा. माझ्याकडे "स्लो झाला" म्हणून येणाऱ्यांत असे बरेच असतात.

बिलावर मॉडेलचं आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्या. मग दुपारच्या वेळी, तुम्ही रोज बसता त्याच खोलीत, सिनेबेंच २०२४ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून सगळ्या कोअरची दहा मिनिटांची चाचणी लावा आणि शेजारी टास्क मॅनेजरमध्ये वेग बघत राहा. सुरुवातीला वेग चढेल, मग थोडा उतरून एका जागी स्थिरावेल, ते ठीक. तो सारखा खाली-वर उड्या मारत असेल, किंवा सुरुवातीच्या निम्म्याहून खाली जाऊन तिथेच बसत असेल, तर तो डबा त्या चिपेला पेलत नाही. तीच चाचणी चार्जर काढून पुन्हा करा. नंतर चाचणी चालू असतानाच कीबोर्डच्या मधोमध हात ठेवून बघा. तिथे हात टेकवत नसेल, तर मुदत आहे तोवर परत करा आणि त्याच पैशांत एक पायरी कमी वॅटची चिप असलेलं मॉडेल मागवा.