गुडघा बदलल्यानंतर पाण्यातले व्यायाम

टाके किंवा स्टेपल साधारण 10 ते 14 दिवसांत निघतात, पण तेवढ्यावर पाण्यात उतरायची घाई करू नका. जखम पूर्ण मिटून खपल्या आपोआप गळाव्या लागतात. बहुतेकांना 4 ते 6 आठवडे लागतात. व्रण पाहून सर्जननी हो म्हणायला हवं, कारण जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोचले तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. व्रणातून पाणी येत असेल, ताप असेल किंवा पोटरी नव्याने दुखत-सुजत असेल तर पूल राहू द्या आणि डॉक्टरांना लगेच कळवा. पोटरीचं दुखणं रक्ताच्या गुठळीचंही असू शकतं.

पूल बघताना आधी पायऱ्या बघा. कठडा असलेल्या रुंद पायऱ्या किंवा उतार हवा. भिंतीला लावलेली उभी लोखंडी शिडी या काळात नकोच, तिच्यावर गुडघा फार वाकवावा लागतो आणि पाय घसरतो. पाणी 32 ते 34 अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. साध्या पोहण्याच्या तलावाचं पाणी यापेक्षा थंड असतं, त्यात स्नायू आखडतात. तिथेच जावं लागलं तर दुपारी जा आणि वेळ कमी ठेवा. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्ट सोबत हवेत.

छातीभर पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा येतो, कंबरभर पाण्यात निम्मा. म्हणून सुरुवात छातीभर पाण्यात, आणि चाल सुधारेल तसं उथळ बाजूला.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे चालणं, आणि नेमकं तिथेच चुकतं. पाणी अंग वर उचलतं, त्यामुळे माणूस नकळत चवड्यांवर, गुडघा किंचित वाकवून चालायला लागतो. दुखत नाही म्हणून बरं वाटतं, पण वाकडा गुडघा तसाच राहतो. आधी टाच टेकवा, पायावर भार येताना गुडघा पूर्ण सरळ करा, मांडीचा पुढचा स्नायू आवळा, मगच दुसरं पाऊल. असं 5 मिनिटं पुढे, 3 मिनिटं मागे, 2 मिनिटं आडवं चाला. मागे चालताना गुडघा सरळ करायचा सराव चांगला होतो, तो भाग टाळू नका.

मग कठडा धरून टाच मागे पार्श्वभागाकडे न्या, 10 वेळा. नंतर अर्ध्या बैठका 10, खुर्चीत बसायला जातो तितपतच. गुडघे आत झुकू देऊ नका. वाकणं अडलेलं असेल तर फोमची नूडल (पाण्यात तरंगणारी लांब, मऊ नळी) घोट्याखाली धरा: पाण्याच्या उचलीने पाय आपोआप वर येतो, तुम्ही फक्त सैल सोडा. जोर वाढवायचा असेल तर वजन बांधू नका, वेग वाढवा. पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो, म्हणून वाढवायचा तोही थोडाथोडाच.

पहिल्या वेळी 15-20 मिनिटं पुरे, आठवड्यातून 2-3 दिवस. बाहेर येताना शेवटच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबा. सगळं वजन एकदम परत येतं, कोमट पाण्याने रक्तदाबही उतरलेला असू शकतो, आणि ओल्या फरशीवर चक्कर म्हणजे पडणंच. काठी किंवा वॉकर हाताशी आणि पायात रबरी चप्पल असू द्या. तहान लागली नसली तरी पाणी प्या. घरी कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं लावा. दुसऱ्या सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं, तर पुढच्या खेपेला व्यायाम निम्मे करा.

घरचे व्यायाम पाण्याच्या दिवशीही चुकवू नका, विशेषतः टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करण्याचा. जमिनीवर पूर्ण भार पेलणारी ताकद पाण्यात तितकी येत नाही. पोहणाऱ्यांनी बेडकासारखे पाय मारणं सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नये. त्यात गुडघ्याला पीळ बसतो. पाय सरळ ठेवून, कमरेपासून हलवत पोहणं आधी सुरू करा.