डोंगरावर श्रमदान करताय? आधी शेळ्यांचं बघा

पाणी अडवायला चर खणायचे आणि झाडं लावायची, तर टिकाव, फावडी, घमेली, पाणी, टोप्या हे सांगत बसत नाही, ते कुणी विसरत नाही. फक्त टिकावाचे दांडे आदल्या रात्री पाण्यात भिजत टाका, नाहीतर पातं निसटून मागच्याच्या पायावर.

जागेचा सातबारा बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याची हद्द असेल तर त्यांची लेखी परवानगी. तोंडी होकारावर जाऊ नका, साहेबांची बदली होते.

आता शेळ्या. त्या उतारावर ज्यांची जनावरं चरतात त्यांच्याशी पहिला टिकाव पडायच्या आधी बोला. आमचं हेच राहिलं, आणि पावसाळ्यात लावलेली रोपं दिवाळीला शेंड्याविना उभी होती. चराईबंदीचा ठराव झाला होता की! पण ग्रामसभा भरते दिवसा, आणि शेळ्या राखणारा तेव्हा डोंगरावर असतो. ठराव त्याच्या कानावर गेलाच नव्हता. म्हणून संध्याकाळी, शेळ्या कोंडल्यावर, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. बाई राखत असेल तर बाईशी बोला, नवऱ्याशी बोलून उपयोग नाही. आणि नुसतं ‘बंद’ म्हणून उठू नका. शेळ्या उद्यापासून कुठे न्यायच्या तेही तिथेच ठरवा. एक तुकडा चरायला मोकळा ठेवा, बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा द्या. पाणी अडवण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी श्रमदानाच्या पंक्तीला बसवली ती उगाच नाही.

समपातळी चरांची, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत जाणाऱ्या चरांची आखणी ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर या पातळी बघायच्या साधनांनीच, आखलेल्या रेषेवर पांढरी फक्की मारून. नजरेच्या अंदाजाने नको. चर जरासा कलला की सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथली माती फुटते आणि पाणी अडवायला गेलेले तुम्ही नवी घळ पाडून येता. साधारण 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, माती उताराच्या बाजूला. सुरुवात माथ्यावरून. चढायचा कंटाळा म्हणून पायथ्याला खणलंत तर वरून येणारा गाळ ते पहिल्याच पावसात बुजवेल.

शेळीवाल्यांकडे जाऊन आलात? नसाल तर रोपांची मागणी नोंदवू नका.

रोपं निदान कमरेएवढी. करंज, सीताफळ यांना शेळी सहसा तोंड लावत नाही, पण चैत्रातल्या भुकेल्या शेळीचा भरवसा देऊ नका. लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर. चराच्या मातीवर पवना, हमाटा या चाऱ्यांचं बी फेका.

बाकी प्रथमोपचार, नाश्ता, हिशेबाची वही. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्यांची नावं आत्ताच लिहा. फोटो कुणीतरी काढतंच.

आणि पावसाळा सरला की बाहेरचे मेंढपाळ कळप घेऊन येतात. त्यांची वाट तुमच्या चरांवरून जाते का ते जुन्या माणसांना विचारा. जात असेल तर वाट मोकळी सोडून मगच आखणी करा.