माडीवर टाकी चढवायच्या आधी तुळई बघून घ्या

जुन्या वाड्यात माडीवर पाण्याची टाकी किंवा लोखंडी कपाट चढवायचं असेल तर आधी खालची तुळई (माडी पेलणारं आडवं लाकूड) चेक करा. मधला भाग सगळेच बघतात पण खरी बोंब असते भिंतीत शिरलेल्या टोकाला, तिथे ओल धरते आणि वाळवीपण बऱ्याचदा तिथूनच लागते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोकाजवळ दाबा, चांगलं सागवान असेल तर जेमतेम ओरखडा उठतो, सहज अर्धा इंच आत गेला तर आतून कुजलंय समजा, वरून रंग कितीही चकाचक असू दे.

मग दोन्ही टोकांना खालून एक-एक इंचाचे ठोकळे धरून दोरी ताणा आणि मधे अंतर मोजा, बारा फुटी तुळईत ते एक इंचापेक्षा १० मिमीहून जास्त कमी भरलं, म्हणजे तुळई मधे तेवढी वाकलेली असली, तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय वजन वाढवूच नका. ५०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच ५०० किलो हो, आणि घरातल्या खोलीला साधारण चौरस मीटरला २०० किलो धरतात! आणि प्लंबरला तुळईच्या मधोमध खालून खाच अजिबात मारू देऊ नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.