दोन दिवसांत सातारा कसा पाहावा : दिशा धरून आखलेली भ्रमंती

साताऱ्यात येणारे बरेच प्रवासी कासच्या किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर चहापुरते थांबतात, पेढे घेतात आणि पुढे जातात. छत्रपतींच्या गादीचे हे शहर किमान दोन पूर्ण दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे. मात्र ते पाहताना ठिकाणांची यादी करण्याऐवजी दिशा धराव्यात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावातून उत्तरेला पुण्याकडचा महामार्ग, पूर्वेला कृष्णाकाठ आणि पश्चिमेकडे दोन निरनिराळे डोंगरी रस्ते जातात. या सगळ्या दिशांना एकाच दिवसात जाऊ पाहणाऱ्याचा निम्मा वेळ गाडीतच संपतो.

आधी हंगाम ठरवा

कासची फुले पाहायची असतील तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ हा काळ निवडावा. ठोसेघरचा धबधबा भर पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे पाहण्यासारखा असतो. गड, मंदिरे आणि जुन्या वास्तू निवांत पाहायच्या असतील तर हिवाळ्यासारखा काळ नाही. उन्हाळ्यात आलात तर गड सकाळी नऊच्या आत उरकावा. कोणत्याही हंगामात शनिवार-रविवार टाळता आले तर जरूर टाळावेत.

पुण्याहून येताना लिंबची विहीर वाटेतच पाहा

पुणे ते सातारा हे अंतर सुमारे 110 किलोमीटर आहे आणि साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाकडे रस्ता वळतो. तेथील बारा मोटांची विहीर शहरात शिरण्यापूर्वीच पाहून घ्यावी, म्हणजे पुन्हा उत्तरेला यावे लागत नाही. छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र छत्रपती शाहू महाराज यांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. विहिरीची खोली सुमारे 110 फूट आणि व्यास सुमारे 50 फूट आहे. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला जोडूनच दगडी जिना आणि छोटा महाल आहे. वर गेल्यावर मोटा, म्हणजे पाणी उपसण्याची कातडी पात्रे, ओढण्याच्या जागा नीट पाहाव्यात. बैलांनी धावेवरून, म्हणजे त्यांच्या चालण्याच्या उतारावरून, ओढलेली मोट थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिती होई आणि तेथून पाटाने पाणी आमराईकडे जाई, ही सारी व्यवस्था त्या दगडांवरून आजही समजते. एवढ्या उपयोगाच्या बांधकामात महाल, शिल्पे आणि नक्षी यांना जागा देणाऱ्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. विहिरीच्या काठाला पुरेसा कठडा नसल्याने लहान मुलांचा हात मात्र सोडू नये.

पहिल्या दिवसाची दुपार शहरासाठी ठेवा

मुक्काम बसस्थानक ते पोवई नाका या पट्ट्यात घेतल्यास सोयीचे पडते. बसस्थानकाजवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे जुलै 2024 मध्ये प्रथम येथेच काही महिन्यांसाठी मांडण्यात आली होती. साप्ताहिक सुटीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्यावी.

तेथून रिक्षाने राजवाड्याकडे जावे. भाडे बसण्यापूर्वी ठरवून घेतलेले बरे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळाची खूण सांगणारा हा भाग पायी फिरण्याचा आहे. येथल्याच शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा शाळाप्रवेश झाला. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या वेळेत वर्गांना व्यत्यय न आणता बाहेरूनच वास्तू पाहावी, पण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उन्हे कलली की अजिंक्यतारा गाठावा. डांबरी रस्ता वरच्या दरवाजाजवळपर्यंत जातो, त्यामुळे घरातील ज्येष्ठांनाही गड पाहता येतो. पायाने चढण्याची सवय असलेल्यांनी मात्र चालतच जावे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला हा किल्ला 1673 मध्ये स्वराज्यात आला. औरंगजेबाने स्वतः छावणी टाकून काही महिने वेढा दिला आणि एप्रिल 1700 मध्ये तो घेतला, तेव्हा त्याचे नाव आझमतारा असे ठेवले. पुढे महाराणी ताराबाईंच्या फौजेने तो परत जिंकला आणि त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाले. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. वर मंगळाई देवीचे मंदिर, तळी आणि पडझड झालेल्या वास्तू आहेत. तटावरून फेरी मारल्यास यवतेश्वरचे पठार, सज्जनगड, जरंडा आणि चंदन-वंदन ही जोडगोळी ओळखता येते, आणि उद्याचा रस्ता डोळ्यांसमोर स्पष्ट उभा राहतो. अंधार पडण्यापूर्वी उतरावे. गडावर जाणे जमत नसेल तर त्याच डोंगराच्या उतारावरील ‘चार भिंती’ या स्मारकापासून शहर छान दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहुली, मग पश्चिमेचा एकच रस्ता

पहाटे लवकर उठून संगम माहुलीला जावे. शहराच्या पूर्वेला सुमारे पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. काठावरची दगडी मंदिरे आणि घाट उन्हाच्या आधी पाहण्यात जे सुख आहे ते दुपारी मिळत नाही. न्यायनिष्ठेसाठी प्रसिद्ध असलेले रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे. राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्याही येथे आहेत. त्यांवर चढून छायाचित्रे काढू नयेत.

न्याहारी झाल्यावर पश्चिमेला निघावे. समर्थ मंदिर परिसरातून दोन वाटा होतात. एक बोगद्यातून सज्जनगड आणि ठोसेघरकडे, तर दुसरी यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाते. या दोन्ही एका दिवसात करण्याचा मोह आवरावा.

सज्जनगडाची वाट धरलीत तर आधी गड आणि नंतर धबधबा असा क्रम ठेवावा. पूर्वीचा परळीचा किल्ला समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे सज्जनगड झाला. 1682 मध्ये समर्थांनी येथेच देह ठेवला. राममंदिराच्या तळघरात त्यांची समाधी आणि जवळच्या मठात त्यांच्या वापरातील वस्तू आहेत. वाहनतळापासून पायऱ्या चढाव्या लागतात. दुपारच्या महाप्रसादाची वेळ साधावी आणि पंगतीत बसूनच जेवावे. त्यानंतर पुढे ठोसेघरला जावे. तेथे कठड्यामागूनच धबधबा पाहावा. ओल्या खडकावर पाय ठेवण्याचे धाडस कोणीही करू नये. वेळ उरला तर चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या पाहून परतावे.

फुलांच्या हंगामात मात्र माझा कौल निःसंशय कासला आहे. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरचे हे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या निवडक स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथे 850 हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. जांभा खडकावर मातीचा थर अगदी पातळ असल्याने मोठी झाडे रुजत नाहीत आणि पावसाचे पाणी साचून राहते. अशा मातीत अन्नद्रव्ये कमी असतात आणि त्या तुटवड्यामुळेच सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती येथे वाढतात. हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवली जाते, म्हणून प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी निघण्यापूर्वी करावी. आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये, कारण गवत वाटणाऱ्या जागेतही बोटभर उंचीची फुले असतात. नुसत्या पिवळ्या-निळ्या गालिच्याचे छायाचित्र घेऊन परतू नये. गुडघे टेकून एकेक फूल जवळून पाहावे आणि स्थानिक मार्गदर्शक घ्यावा. नावे कळल्यावर पठार वेगळेच दिसू लागते. धुके दाटले तर घाईने निघू नका, कारण ते थोड्या वेळात विरळही होते.

कास किंवा ठोसेघरकडे एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या असतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी, अन्यथा दिवसभरासाठी गाडी ठरवावी.

परतण्यापूर्वी मोती चौकाच्या परिसरातून कंदी पेढे घ्यावेत. खवा खरपूस होईपर्यंत भाजल्याने आणि साखर बेताची असल्याने ते प्रवासात टिकतात. दुकानदार चवीला देतात. चव घ्यावी, ताजे कधीचे ते विचारावे आणि मगच वजन सांगावे.