फौजेतून आलात, कारखान्यात जायचंय? मोफत ट्रेनिंग घेताना या चुका टाळा

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळी कुठल्याही गेटवर बघा. पास तपासणारा माणूस पुष्कळदा फौजेतून आलेला असतो. ताठ उभा, बूट चकचकीत, येणारा-जाणारा ‘मेजर’ म्हणून हाक मारतो. त्याच गेटच्या आत मात्र एखादं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं मशिन सेकंड शिफ्टला बंद पडून असतं, कारण चालवायला माणूस नाही. गेटवरच्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. पण ज्याने ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्तीच्या दलात पंधरा वर्षं इंजिनं उघडून जोडली, त्याने रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर उतरवत बसावं, हे मला पटत नाही.

मोफत शिकायची सोय नाही असं नाही. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे) पूर्ण फुकट असतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे छोटे कोर्स आहेत, त्यांना वयाची अट पंचेचाळीसपर्यंत. सरकारी आयटीआयला तर वयाची वरची अटच नाही आणि फी किरकोळ. चाळिशीत आयटीआयला जाता येतं हे सांगितलं की निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. चौकशीला साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एवढं असूनही कोर्स करून माणूस परत गेटवरच दिसतो, तेव्हा घोटाळा बहुधा पुढच्यापैकी कुठेतरी झालेला असतो.

आधी कोर्स, मग कंपनी

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मित्राने वेल्डिंग केलं म्हणून आपण वेल्डिंग, युनिटमध्ये कुणी सुचवलं म्हणून सिक्युरिटी सुपरवायझर. प्रमाणपत्र हातात आल्यावर नोकरी शोधायला निघायचं, आणि घरापासून जाता येईल अशा अंतरावर त्या कामाची गरजच नसते.

आपल्याकडे कारखान्यांची कमी नाही, पण प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं आहे. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे आणि तिथलं नाव पंपांचं. साताऱ्यात कूपर १९२२ पासून, काम इंजिनांचं. फलटणला कमिन्स आलं, शिरवळला निरनिराळ्या कंपन्या उभ्या राहिल्या. कुपवाड-मिरजेत छोटी मशिन शॉप आणि फाउंड्र्या आहेत. मशिन शॉपला सीएनसी-व्हीएमसीचा (व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशिन) ऑपरेटर आणि मोजमाप करणारा माणूस लागतो. फाउंड्रीला मोल्डिंगचा हात लागतो आणि भट्टीजवळची उष्णता सोसणारा गडी लागतो. फॅब्रिकेशनच्या शेडला वेल्डर हवा. मेंटेनन्सला फिटर आणि इलेक्ट्रिशियन कुठेही खपतात; साखर कारखान्यातही, पण तिथे हंगामाचं गणित आधी समजून घ्यायचं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी पाच-सहा गेटवर जा. एचआरवाला भेटला नाही तर शिफ्ट सुटताना सुपरवायझरला गाठा. फौजी आहे म्हटल्यावर आपल्या भागात माणूस दोन मिनिटं थांबतो, त्याचा फायदा घ्या. विचारायचं एवढंच: कुठल्या मशिनला माणूस कमी पडतोय, कंट्रोल, म्हणजे मशिन चालवणारा कॉम्प्युटर, फॅनुक कंपनीचा आहे की सीमेन्सचा, आणि मागच्या वर्षी घेतलेली पोरं कुठल्या संस्थेतून शिकून आली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन ठिकाणी सारखं आलं तर संस्था सापडली म्हणून समजा.

फुकट वर्गात मशिन चालू आहे का?

मोफत कोर्समध्ये फी सरकार भरतं, त्यामुळे संस्था खर्च वाचवते ती मालावर. वेल्डिंग तर मालावरच शिकायचं काम. रॉड आणि प्लेटा जाळल्याशिवाय हात बसत नाही. दिवसाला प्रत्येकी चार-दोन रॉड मिळणार असतील आणि एका बूथवर सहा जण बघत उभे राहणार असतील, तर तीन महिन्यांनी सपाट प्लेटवरचा सांधा जेमतेम येईल. कंपनीत टेस्ट घेतात ती उभ्या सांध्याची, पाइपची. तिथे रॉड चिकटतो आणि विषय संपतो.

सीएनसीचंही तसंच. काही वर्गांत सगळं शिक्षण कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर होतं. जी-शून्य म्हणजे रॅपिड, जी-एक म्हणजे सरळ कटिंग, हे वहीत पाठ होतं. पण स्वतः टूल बांधून, ऑफसेट (टूलच्या मापाची मशिनमधली नोंद) घेऊन, पहिला जॉब, म्हणजे पहिला तुकडा काढून तो मोजलेला नसतो. अशा माणसाला कंपनी जॉब लावायला आणि हिरवं बटण दाबायला ठेवते, वर्षानुवर्षं. नुसता ऑपरेटर आणि मशिन जुळवून देणारा सेटर यांच्या पगारातला फरक शॉपमध्ये कुणालाही विचारा.

प्रवेशाआधी एकदा वर्ग चालू असताना जाऊन बसा. चकचकीत लॉबी बघू नका, मशिनखालच्या ट्रेमध्ये कापलेल्या धातूचा बुरादा आहे का बघा. ताजा बुरादा असेल तर मशिन चालतं. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर पेटीत कुलूपबंद आहेत की पोरांच्या हातात, तेही दिसेल. ड्रॉइंग वाचायला किती तास आहेत ते विचारा. पंचवीस अधिक-उणे शून्य पॉइंट शून्य दोन म्हणजे काय, हे न कळणारा माणूस मशिन शॉपमध्ये टिकत नाही. आणि वेळ असेल, घर पेन्शनवर चालत असेल, तर तीन महिन्यांच्या घाईपेक्षा आयटीआयचा वेल्डर एका वर्षाचा, फिटर किंवा मशिनिस्ट दोन वर्षांचा, हा सौदा मला तरी सरळ वाटतो.

प्रमाणपत्रावर कुणाची मान्यता आहे आणि एनएसक्यूएफची, म्हणजे कौशल्यांच्या सरकारी राष्ट्रीय चौकटीतली पातळी कोणती, हे लेखी बघा. नुसतं संस्थेच्या मालकाची सही असलेलं रंगीत प्रमाणपत्र घरात फ्रेम करायला ठीक.

‘फक्त रजिस्ट्रेशनचे भरा’

कोर्स मोफत आणि नोकरीची हमी, फक्त रजिस्ट्रेशनचे पाच हजार, मेडिकलचे दोन हजार. असा फोन आला की ठेवून द्या. निवृत्तीची रक्कम खात्यात आलेली असते, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. खरी-खोटी योजना सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ताडून बघता येते.

बायोडेटात सियाचीन आहे, काम नाही

पहिल्या पानावर पोस्टिंगची यादी आणि पदकं. अभिमानाच्या गोष्टी आहेत, पण प्रॉडक्शन मॅनेजरला त्यावरून काही कळत नाही. त्याला कळेल असं लिहा. एमटीत, म्हणजे युनिटच्या वाहन विभागात होता तर किती गाड्यांची देखभाल, कुठली इंजिनं, ब्रेकडाऊन झाल्यावर काय केलं. सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान असाल तर कोणता ट्रेड. क्वार्टरमास्टर स्टोअर सांभाळलं असेल तर कारखान्याचं टूल स्टोअर तुमच्यासाठीच आहे, हे त्यांना सुचत नाही, तुम्ही सुचवा. लष्करी ट्रेड मुलकी कामाशी कसे जुळतात याची डीजीआरची यादी आहे, ती कार्यालयात मागून आपला ट्रेड त्यात शोधा. इन्फंट्रीत जनरल ड्युटी केलेल्यांना वाटतं आपल्याकडे ट्रेडच नाही. हत्याराची निगा, तपासणी, नोंदी, आगीची ड्रिल हे क्वालिटी आणि सेफ्टीच्या माणसाला हवंच असतं.

चोवीस वर्षांचा उस्ताद

कोरेगावचं किंवा तासगावचं आयटीआय झालेलं पोरगं तुम्हाला सेटिंग शिकवणार. तुम्ही हवालदार म्हणून आलेले, हाताखाली दहा माणसं असलेले. ते म्हणतं, “काका, असं नाही, आधी जॉ (तुकडा धरणारे जबडे) साफ करा.” इथे कितीतरी जणांचं बिनसतं. कुणी महिन्याभरात सोडून जातो, कुणी त्या पोराला ओरडतो आणि मग पोरगं शिकवणंच बंद करतं. ते जास्त वाईट. पहिले काही महिने हेल्परचं काम आणि हेल्परच्या आसपासचा पगार धरून चाला. आणि हो, शॉपमध्ये ऑर्डर देऊन काम होत नाही, चहाच्या टपरीवर होतं.

याच जोडीला एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही: चाळिशीचा चष्मा. व्हर्नियरच्या रेघा जवळच्या चष्म्याशिवाय दिसत नाहीत, पण पोरांसमोर चष्मा लावायला लाज वाटते आणि मोजमाप अंदाजाने होतं. दोन जॉब रिजेक्ट झाले की नाव खराब. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी डोळे तपासून घ्या. तोफखान्यात होता, कानात शिट्टी वाजते, तर तेही सांगा. लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेने दिलेली कमी तंदुरुस्तीची श्रेणी लपवून फाउंड्रीत जाणं म्हणजे स्वतःशी वैर.

पेन्शन आहे, मग पगार कमी चालेल ना?

हा प्रश्न इंटरव्ह्यूला येणारच, बहुधा हसत हसत. पेन्शन झालेल्या सेवेची आहे. मशिनवर आठ तास उभं राहण्याचा भाव सगळ्यांना एकच. शांतपणे एवढं बोला आणि थांबा. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडून, पीएफ कोण भरणार, हे त्याच बैठकीत विचारा. कंपनीला पेन्शनची माहिती द्या, नाहीतर टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना कर एकदम अंगावर येतो.

शेती, अंतर, नाव

माण-खटावहून साताऱ्याला किंवा जत-आटपाडीहून कुपवाडला रोज ये-जा होत नाही. कंपनीची बस कुठपर्यंत येते ते आधी बघा किंवा खोली घ्यायची तयारी ठेवा. शेतीला रात्रीची लाइट आली की रात्रभर पाणी, आणि सकाळी पहिली शिफ्ट. आठवड्यात दोन खाडे पडले की नव्या माणसाला कुणी ठेवत नाही. पाण्याची पाळी भावाकडे किंवा गड्याकडे सोपवूनच ट्रेनिंगला बसा.

डिस्चार्ज बुकात नाव एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर जन्मतारीख तिसरी. सेवेत असताना हे युनिटमार्फत दुरुस्त होतं. घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, मग ते बेळगाव असो की सिकंदराबाद. सुट्टीवर आलात की कागद शेजारी-शेजारी ठेवून बघा.

अग्निवीरांसाठी वेगळं

२०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. कायम होतील ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या सगळ्या सवलती आपल्याला मिळतील असं धरून बसू नका. पण वय हाताशी आहे. पस्तिशीपर्यंत चालणारी अप्रेंटिसशिपची सरकारी योजना सदतिसाव्या वर्षी आलेल्या हवालदाराला मिळत नाही, तुम्हाला मिळते. चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीतून आधी गाडी घेऊ नका.

चुकीचा कोर्स होऊन गेला असेल तर

दुसऱ्या कोर्सला लगेच धावू नका. हातात आधीचं काम असेल, मेकॅनिकचं म्हणा, वायरमनचं म्हणा, तर आरपीएल (आधीच्या शिक्षणाला मान्यता) बघा: आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, वर्गात महिनोन्महिने बसवत नाहीत. ते झालं की मोठ्या कंपनीऐवजी चार-सहा मशिनच्या छोट्या शॉपमध्ये जा. तिथे मालक स्वतः मशिनवर असतो, सेटिंगपासून ग्राइंडिंगपर्यंत सगळ्याला हात लावायला मिळतो, पगार मात्र बेताचा. वर्षभराने मोठ्या गेटवर अर्ज करताना त्या मालकाचा अनुभवाचा दाखला घ्यायला विसरू नका, आणि त्यात मशिनचं नाव आणि कंट्रोलचं नाव लिहून मागा.