घोडा काढताना या चुका टाळा

शिवजयंती आली की बडोद्यात मंडळांच्या फलकांवर, रांगोळ्यांत, शाडूच्या मूर्तींत घोडे दिसू लागतात. महाराजांचा चेहरा अगदी मन लावून केलेला असतो आणि खालचा घोडा फसलेला असतो, तेव्हा फार वाईट वाटतं. खरं तर दुरुस्ती अवघड नाही. आयाळ, खोगीर, फुगलेले स्नायू हे सगळं नंतर बघावं. आधी सांगाडा कुठे वाकतो ते पक्कं करावं.

मागचा पाय उलटा किंवा तुटका वाटतो

सगळ्यात जास्त घोडे इथेच बिघडतात. मागच्या पायाच्या मधोमध मागे निघालेला जो कोपरा दिसतो, तो गुडघा नाही, ती टाच आहे. खरा गुडघा, वाटीसकट, पोट आणि मांडी मिळतात तिथे असतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट.

हात टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर टेकवा. नखाच्या जागी खूर. बोटाची तीन पेरं म्हणजे खुरापासून वरच्या सांध्यापर्यंतचा तिरपा भाग. तळहातातलं मधलं हाड म्हणजे पायाची लांब नळी, आणि तिच्यावर मनगट. कोपर थेट छातीच्या कडेला येतं. दंडाचं हाड अंगातच दडलेलं असल्यामुळे चित्रात ते हमखास विसरलं जातं आणि पाय छातीला खिळे मारून लावल्यासारखा दिसतो. नळीला मागून दोन बारीक हाडं चिकटलेली असतात, ती दुसऱ्या आणि चौथ्या बोटांची उरलेली खूण. सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याचे पुढचे पर जरूर बघा. हाडांचा मूळ आराखडा तोच, पण तिथे बोटं अनेक आहेत आणि घोडा एकाच बोटावर उभा आहे.

चारही नळ्या सारख्या मापाच्या करू नका. मागची पुढचीपेक्षा लांब असते.

उचललेला मागचा पाय खोटा वाटतो

घोड्याच्या मागच्या पायात गुडघा आणि टाच हे दोन सांधे स्नायुबंधांनी असे जोडलेले असतात की एक वाकला की दुसरा वाकतोच. गुडघा दुमडलेला आणि टाच सरळ, असा निरोगी घोडा दिसणार नाही. मूर्तीसाठी तार वाकवताना दोन्ही कोन एकदमच द्या. माती चढल्यावर हे सुधारता येत नाही.

खांदा जखडलेला, मान चिकटवलेली

घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला केवळ स्नायूंनी धरलेला असतो, म्हणून फऱ्याचं हाड, म्हणजे खांद्याचं पातं, बरगड्यांवरून सरकतं. पाय पुढे गेला की फऱ्याचं वरचं टोक मागे झुकलं पाहिजे.

मानेचे मणके सातच, आपल्याइतकेच. ते आयाळीखालून जातात असं धरून चालतात, ते चूक. मानेच्या मुळाशी ते बरेच खाली, गळ्याच्या बाजूला उतरतात. खोगिरापुढचा उंचवटा मानेचा नाही. तो पाठीच्या मणक्यांवरच्या लांब काट्यांचा आहे.

पाठ लांबलचक होते

बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, म्हणजे पिंजरा खूप मागपर्यंत जातो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांत अंतर थोडंच ठेवा. पाठ मांजरासारखी वळत नाही. मुख्य वाक पुठ्ठ्याच्या अगदी आधी, कंबर त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या आधीच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाला, मिळते तिथे असतो. भरधाव घोडा चारी पाय ताणून हवेत दाखवायची जुनी सवयही सोडायला हवी. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की चारी खूर सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

तोंडाचं थोडक्यात: डोळा वर, कपाळाच्या बाजूला. लगामाची कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. काठियावाडी घोड्याचे आत वळलेले कान कूर्चेचे असतात, कवटीत त्यांचा आकार शोधू नका.

सरावाला बडोद्यातला काळा घोडा, म्हणजे सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, आहेच. समोरून नको, बाजूला उभे राहा. वहीत आधी फक्त ठिपके मांडा: कोपर, मनगट, कमरेच्या हाडाचं टोक, मागचा गुडघा, टाच. ते रेघांनी जोडून कोन जुळले, तरच बाह्यरेषेला हात घाला.